गॅरेजमधली ओल

एल्मडाल, मिनेसोटा
७ फेब्रुवारी, बुधवार

प्रिय सेल्मर,

तुझं पत्र शनिवारीच आलं, उत्तराला मात्र आज बसते आहे. गुडघा बरा आहे हे वाचून हायसं वाटलं. तळ्यावरचा बर्फ अजून पिकअप पेलतो म्हणतोस, पेलू दे. तू आपला काठाशीच बसत जा. या वयात बर्फाला भोक पाडून दिवसभर मासे धरत बसायचं काय अडलंय, असं मी विचारणार नाही, कारण तू ऐकणार नाहीस आणि माझा अर्धा कागद वाया जाईल.

इकडे सगळं ठीक. मारितच्या दोन्ही पोरांना सर्दी झाली होती, ओसरली. चर्चच्या तळघरात कॉफीचं नवं यंत्र आणलंय. बटण दाबलं की कॉफी येते, असं पास्टर मोठ्या कौतुकाने सांगतात. येते ती कॉफीच की आणखी काही, यावर बायकांचं अजून एकमत झालेलं नाही.

काल रात्री शाळेत पक्षाची कॉकस होती, प्रतिनिधी निवडायची बैठक. तू उत्तरेला जाऊन राहिलास आणि या भानगडीतून सुटलास. मी अजून आमच्या टाउनशिपच्या टेबलाची प्रमुख आहे, कारण दुसरं कुणी होत नाही. ज्या जेवणघरात मी उभा जन्म पोरांना वाढण्यात घालवला, तिथंच आता पक्षाचे लोक जमतात. एका गावाचं एक टेबल. आमच्या टेबलावर दरवेळी आम्ही नवराबायको, म्हणजे मी आणि नॉरिस, थॉर्सन बहिणी आणि कुणाला तरी गाडीने सोडायला आलेला कुणाचा तरी नवरा. आम्हीच एकमेकांना प्रतिनिधी म्हणून निवडायचं, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात वर्गणी गोळा करायची, खजुराच्या वड्या संपवायच्या आणि घरी जायचं. हे प्रतिनिधीच पुढे एप्रिलच्या अधिवेशनात आमदारकीचं तिकीट कुणाला द्यायचं ते ठरवतात. पण इतकी वर्षं जुने आमदारच उभे राहायचे, त्यामुळे ठरवायला काही नसायचं.

यंदा खुर्च्या कमी पडल्या. शाळेच्या शिपायाने गोदामातून घडीच्या खुर्च्या आणल्या, त्याही कमी पडल्या. अख्खा बंदूक क्लब आमच्या टेबलावर लोटला होता. काही तर लहानपणी माझ्या हातचं जेवलेले, मटार ताटात ठेवून पळणारे. गॉर्डी लिंडाल, जो क्लबचा चिटणीस आहे आणि ज्याचा आवाज त्याच्या पोटाहूनही मोठा आहे, तो दाराशी उभा राहून प्रत्येकाला सांगत होता, "सही कर, बस, आणि नॉरिसने हात वर केला की तूही कर. इतकंच. घाबरू नकोस, चर्च नाही हे." थोरल्या थॉर्सनबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "हे जरा वेगळंच आहे, नाही?" याहून कडक शब्द मी तरी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही.

हे सगळं नॉरिसचं काम. जुने आमदार यंदा उभे राहत नाहीत आणि आमच्या पोरीला, मारितला, उभं राहायचंय. आपल्या भागात आपल्याच पक्षाचा माणूस निवडून येतो, म्हणजे तिकीट ज्याचं त्याची आमदारकी. तिच्यासमोर पलीकडच्या गावचा कर्ट वोल्नर आहे, खडीच्या खाणीवाला. त्याच्या ट्रकवरचा झेंडा ट्रकपेक्षा मोठा. ख्रिसमसनंतर नॉरिस एक दिवस उठला, दाढी केली आणि टेलिफोनशी जाऊन बसला. मला म्हणाला, "आर्डिस, आमदार कोण हे लोकांना वाटतं नोव्हेंबरात ठरतं. ते फेब्रुवारीत शाळेच्या जेवणघरात ठरतं, आणि तिथं कुणी फिरकत नाही. आपण फिरकू." मग त्याने क्लबातला एकेक माणूस धरला. ज्याच्या घरी बंदूक आहे तो मतदार असतोच, त्याला फक्त घरातून उठवावं लागतं, असं त्याचं म्हणणं. आजूबाजूच्या टाउनशिपांतही त्यांनी हेच केलंय.

काल तो टेबलाच्या टोकाला उभा राहून नावं पुकारत होता आणि मी त्याच्याकडे बघत बसले होते. तू नोव्हेंबरात पाहिलास तो हा माणूस नव्हे. तेव्हाचा तो, दुपारपर्यंत पायजम्यात खिडकीशी बसणारा, ताटातला बटाटा नुसता इकडून तिकडे करणारा. मला खूप बरं वाटलं, ते तुला सांगायचं होतं.

तुझ्या तळघरातलं सामान नीट आहे ना? गॅरेजमध्ये ओल आहे म्हणून बंदुका सेल्मरकडे, असंच आमच्या घरात अजून आहे. तू फोनवर एक शब्द न विचारता आलास, सगळ्या पिकअपमध्ये भरल्यास, कॉफी प्यायलास आणि गेलास. आभार मानायचे राहिले होते, ते मानते.

तुझी बहीण,
आर्डिस

*

एल्मडाल
१२ मार्च, सोमवार

प्रिय सेल्मर,

धुरी दिलेला मासा पोचला. टपालवाल्याने पुडकं हातभर लांब धरून आणलं, पण आम्ही तो एका बैठकीत संपवला. नॉरिसने दोनदा घेतला.

बर्फ वितळतोय, चिखल झालाय, सगळ्यांच्या गाड्या एकाच रंगाच्या दिसतात. मारित दिवसा काउंटीच्या दवाखान्यातली नोकरी करते आणि संध्याकाळी लोकांच्या दारात उभी राहते. बारीक झालीये. मी डबा देते, तो ती गाडीत खाते आणि डबा परत द्यायला विसरते.

गुरुवारी गॉर्डी आला होता. बंदूकवाल्यांची राज्याची जी संघटना आहे ती दर उमेदवाराला प्रश्नांचा कागद पाठवते. हो की नाही, एवढंच लिहायचं. त्यावरून कोण आपला आणि कोण नाही ते ठरतं आणि क्लबातली माणसं त्याप्रमाणे अधिवेशनात हात वर करतात. वोल्नरने सगळी उत्तरं दिली आणि खाली दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या. मारितने तिसरा प्रश्न कोरा सोडलाय.

गॉर्डीने टोपी गुडघ्यावर ठेवली, दोन वड्या खाल्ल्या, हवेबद्दल बोलला, माझ्या पडद्यांची तारीफ केली. हा माणूस काहीतरी वाईट सांगायला आलाय हे मला पडद्यांवरूनच कळलं.

"तिसरा राहिलाय तिचा," तो शेवटी म्हणाला.

"विसरली असेल," नॉरिस म्हणाला.

"असेल. पण पोरं म्हणतात, कोरा म्हणजे नापास. मी नाही म्हणत. पोरं म्हणतात."

"मी सांगतो तिला."

"नॉरिस, तू आमचा अध्यक्ष आहेस. तुझ्याच पोरीचा कागद कोरा दिसला तर वोल्नर दारोदार तेवढंच सांगत फिरेल."

"सांगतो म्हटलं ना."

तिसरा प्रश्न असा आहे. एखाद्या माणसाने कसलाही गुन्हा केलेला नाही, पण तो स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाचं बरंवाईट करेल अशी घरच्यांना भीती वाटते. अशा वेळी घरच्यांनी न्यायाधीशाकडे जाऊन त्याच्या बंदुका काही काळ काढून घेता याव्यात, असा कायदा आणायचं राजधानीत चाललंय. तो आला तर विरोधात मत द्याल का?

गॉर्डी गेल्यावर नॉरिसने तो कागद पुन्हा वाचला. मी बेसिनशी होते. मला वाटलं आता तो काहीतरी बोलेल. त्याने कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि विचारलं, मासा अजून उरलाय का.

तुझ्या पत्रात शेवटी, पाइक माशांच्या वर्णनानंतर कोपऱ्यात तू विचारलंयस, की बंदुका अजून किती दिवस ठेवायच्या, आणि तेव्हा नेमकं झालं काय होतं. तू कधी विचारशील असं वाटलं नव्हतं, आणि तू विचारू नयेस असंही वाटत होतं. आपल्या घरात कुणी विचारत नाही. बाबा गेले तेव्हासुद्धा आई पहिल्यांदा पाहुण्यांच्या कॉफीचं बोलली होती.

हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. मी चर्चमध्ये रजया शिवायला गेले होते. मारित सफरचंदाच्या पाईचं भांडं परत द्यायला आली, घरात कुणी नाही म्हणून गॅरेजमध्ये डोकावली. नॉरिस स्टुलावर बसलेला होता, मांडीवर हरणांची रायफल. ती म्हणाली, काय चाललंय डॅड? तो म्हणाला, साफ करतोय. तेलाची बाटली नव्हती, फडकं नव्हतं, काही नव्हतं. मारित नर्स आहे, तिने आरडाओरडा केला नाही. एक बादली पालथी घातली, त्याच्या शेजारी बसली आणि हिवाळ्याचे टायर कुठले घ्यावेत ते विचारत राहिली. तो उत्तरं देत राहिला. बराच वेळाने तिने रायफलवर हात ठेवला आणि म्हणाली, ही मी आत नेते, इथं फार ओल आहे. त्याने सोडली. तिनेच मग चर्चमध्ये येऊन मला बाहेर बोलावलं. मी हातात सुई तशीच धरून बाहेर गेले होते.

दुसऱ्या दिवशी तू आलास. नॉरिसने स्वतः एकेक बंदूक उचलून तुझ्या गाडीत ठेवली, माझीसुद्धा. रजईत गुंडाळून ठेवली. मी विचार केला की त्याला कळलंय, आणि त्याने होकार दिलाय, आणि आता बोलायची गरज नाही. डॉक्टरांकडे आम्ही गेलो ते झोप लागत नाही म्हणून. डॉक्टर मला दाराशी म्हणाले, घरात हत्यार नसू दे. मी म्हटलं, नाहीये. औषध दिलं, ते घेत होता.

घेत होता असं लिहिलं, कारण परवा कपाट पुसताना बाटली पाहिली. संपायला हवी होती, ती भरलेली आहे. विचारलं तर म्हणाला, बरा झालोय मी, कशाला ते. आणि खरंच बरा दिसतो रे. फोनवर लोकांना झापतो, हसतो, गॉर्डीच्या नकला करतो. या निवडणुकीने त्याला माणसात आणलं, औषधाने आणलं की नाही ते मला माहीत नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर, अजून राहू देत. तळघराला कुलूप आहे ना?

मारितला मी विचारलं, तिसरा का कोरा ठेवलास? ती म्हणाली, "मॉम, 'हो' लिहिलं तर खोटं. 'नाही' लिहिलं तर का ते सांगावं लागेल." आणि मग डबा विसरून गेली.

तुझी बहीण,
आर्डिस

*

एल्मडाल
९ एप्रिल, सोमवार

प्रिय सेल्मर,

आज तब्येतपाणी, हवापाणी काही विचारत नाही. हे पत्र तुला शुक्रवारपर्यंत मिळायला हवं, म्हणून टपालाच्या वेळेआधी लिहून काढते आहे. दुकानात फोन करून तुला बोलावता आलं असतं, पण तुमच्या त्या माशांच्या आमिषांच्या दुकानातला फोन म्हणजे चार माणसं कान लावून, आणि नॉरिस इकडे स्वयंपाकघरातच असतो. आत्ता तो लाकडं आणायला गेलाय.

मारितला तिकीट मिळालं. परवा, शनिवारी अधिवेशन होतं, हायस्कूलच्या व्यायामशाळेत. नीट क्रमाने सांगते.

तिकिटाला शंभरातली साठ मतं लागतात. पहिल्या फेरीत मारित पुढे होती, पण साठ नव्हती. वोल्नरची माणसं खुर्च्यांच्या रांगांमधून फिरत होती, "तिसरा कोरा, तिसरा कोरा." क्लबातले बरेच जण मत न देता हाताची घडी घालून बसले होते. मग दुसऱ्या फेरीआधी उमेदवारांना प्रश्न विचारायची वेळ आली. प्रश्न गॉर्डी विचारणार असं ठरलेलं. तो उठायला लागला तर नॉरिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवला. "मी विचारतो," म्हणाला. "माझी पोरगी आहे. माझ्यापुढे ती खोटं बोलणार नाही."

मी थॉर्सन बहिणींच्या मध्ये बसले होते. नॉरिस माइकपाशी गेला. त्याने कोट घातला होता, जो तो फक्त लग्नाला आणि मयताला घालतो. कागद काढला, चष्मा लावला आणि तिसरा प्रश्न सबंध वाचला. घरच्यांना भीती वाटते, हे शब्दही वाचले. आवाज जरासुद्धा हलला नाही. मग चष्मा काढून तो मारितकडे बघत उभा राहिला.

मारितने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग मला शोधलं. मी काय करायला हवं होतं मला अजून कळत नाही. मी मान खाली घातली, पर्समधला रुमाल शोधू लागले.

"विरोधात," मारित म्हणाली. "ज्या माणसाने काही केलेलं नाही, त्याच्या घरातून त्याच्या बंदुका कुणी उचलून नेऊ नयेत. मी विरोधात मत देईन."

"थँक यू," नॉरिस म्हणाला आणि जागेवर येऊन बसला. टाळ्या बराच वेळ चालल्या होत्या. गॉर्डीने शिट्टी वाजवली. दुसऱ्या फेरीत साठच्या वर गेली. वोल्नरने येऊन हात मिळवला आणि आधी दिलेल्या शब्दाप्रमाणे मी आता तिकिटाशिवाय उभा राहत नाही असं सांगितलं, तेवढा तो सभ्य आहे. मीही मारितलाच मत दिलं, दोन्ही फेऱ्यांत. ते तुला माहीत असावं.

घरी आल्यावर भांडी घासताना आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, तू असं का म्हणालीस?

"तो माइकपाशी उभा होता, मॉम," ती म्हणाली. "मी दुसरं काही म्हटलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं का, आणि मग सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं असतं. त्या कोटात. मला नाही जमलं."

"आणि तिकीट?"

तिने बशी पुसली, कपाटात ठेवली, मग म्हणाली, "तिकीटही हवं होतं. आहेच ते."

खोटं बोलली नाही तेवढं. मला तिचा राग आला नाही, फार वाईट वाटलं. तो कायदा पुढे कधी मताला आला तर ती दिल्या शब्दाप्रमाणे विरोधातच हात वर करणार, हे मी तुला आत्ताच सांगते. माझी पोरगी आहे, शब्द फिरवत नाही. कुठल्यातरी गावात कुठलीतरी बाई न्यायाधीशाच्या दारात जाऊ शकणार नाही, आणि तिला तुझ्यासारखा पिकअपवाला भाऊ असेलच असं नाही.

आता खरं लिहायचं ते लिहिते. काल रविवारी चर्चहून येताना नॉरिस गाडी चालवत होता. चिखलाच्या रस्त्यावर आल्यावर म्हणाला, "सेल्मरला त्याचं तळघर परत हवं असेल."

मी म्हटलं, "त्याची काही तक्रार नाही."

"तक्रार नसली तरी. मी शनिवारी जाऊन घेऊन येतो."

"गॅरेजमध्ये ओल आहे."

"आता कुठली ओल. आणि तसंही पोरीने काय सांगितलं ते ऐकलंस ना? सगळ्यांसमोर सांगितलं."

"ऐकलं."

"मग झालं तर."

मी काय बोलणार? आम्ही कधी म्हटलंच नाही की तुझ्यापासून काढून घेतल्या. ओल आहे म्हटलं. ओल सुकली, माणूस आपलं सामान मागतोय. त्यात चूक कुठली काढायची? पुढे घर येईपर्यंत तो पिठाच्या गिरणीचं बोलत होता.

बंदुका खरं कशासाठी गेल्या हे त्याला ठाऊक आहे की नाही, याचा मी रात्रभर विचार केला. मला वाटतं, पहिल्यापासून ठाऊक आहे. म्हणूनच त्याने स्वतः प्रश्न विचारला. मारितकडून त्याला उत्तर नको होतं, त्याला माफी हवी होती, आणि ती त्याने सगळ्या पक्षासमोर घेतली. किंवा मी उगाच काहीतरी रचते आहे आणि त्याला खरोखर पोरीचं तिकीट तेवढं हवं होतं. माहीत नाही. इतकी वर्षं एका टेबलाशी समोरासमोर बसून मला माहीत नाही, याची लाज वाटते.

पण हे सांगते. फोन थांबलेत. अधिवेशन संपलं, माणसं मोजून झाली, गॉर्डी मासे धरायला गेला. मारितचे फोन आता तरुण पोरं करतात, दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून, त्यांना नॉरिसची गरज नाही. आज सकाळी मी खाली आले तर तो पायजम्यात खिडकीशी बसला होता. कॉफी तशीच समोर. मी म्हटलं, काय बघतोस? म्हणाला, काही नाही, चिखल. मग माझ्याकडे बघून हसला आणि लाकडं आणायला गेला. त्या हसण्यानेच मला कागद घ्यायला लावला.

सेल्मर, पहिल्यांदा मी लिहिणार होते की तू शनिवारी घरी राहू नकोस. मग वाटलं, लिहावं की कुलूप गंजलंय म्हणून सांग. विकल्या म्हणून सांग. दोन्ही कागद मी चुलीत घातले. तू सांगितलं असतंस, मला माहीत आहे, आणि त्याने ऐकून घेतलं असतं, कॉफी प्यायला असता आणि परत आला असता. आणि येताना वाटेत कुठल्याही दुकानातून दुसरी घेतली असती. त्याला कोण अडवणार? त्याने काही केलेलं नाही.

म्हणून मी त्याच्याबरोबर येते आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही, पण येते आहे. तुझ्याकडे यायला चार तास लागतात, आणि चालत्या गाडीतून तो उठून लाकडं आणायला जाऊ शकत नाही. वाटेत मी त्याला सांगणार आहे. मारितने सांगू नये, डॉक्टरांनी सांगू नये, तू सांगू नयेस. मी सांगायला हवं, कारण बंदुका मी काढून घेतल्या. मारितने बाहेर बोलावलं, तू गाडी आणलीस, पण बंदुका घेऊन जा असं मी म्हटलं. हे करायला मला न्यायाधीश लागला नाही, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा काढून घेईन, पोरगी राजधानीत काय म्हणते ते म्हणू दे.

तो चिडेल. कदाचित गाडी थांबवून उतरेल. कदाचित बोलणारच नाही, जे मला जास्त भीतीचं वाटतं. पण तू एवढं कर. आम्ही दोघं उतरलो तर जे होईल ते तिथं, तुझ्या टेबलाशी बसून होईल. तो एकटाच उतरला तर तळघराचं दार उघडू नकोस. कारण विचारलं तर ओल म्हणू नकोस, काही म्हणू नकोस. त्याला धरून ठेव आणि मला फोन कर, मग दुकानातल्या चार जणांनी ऐकलं तरी चालेल.

सांगायचं वाक्य मी पाठ करते आहे. बेसिनशी उभी राहून हळूच म्हणून बघितलं, तर पहिल्या दोन शब्दांनंतर आवाज गेला. तुला लिहून बघते, म्हणजे एकदा तरी पुरं होईल.

नॉरिस, तू स्वतःला गोळी घालशील अशी मला भीती वाटते, आणि मला तू हवा आहेस.

पुरं झालं. लाकडं घेऊन तो येतोय, थांबते.

शनिवारी कॉफी दोघांची ठेव.

आर्डिस